हँडओव्हर नोट्स

ऑक्टोबर २०२३ मध्ये, बार्सिलोनाच्या धक्क्यावर, माझ्या जागी आलेल्या अधिकाऱ्याच्या हाती मी अकरा पानांच्या हँडओव्हर नोट्स ठेवल्या आणि क्रूझ जहाजावरची बारा वर्षांची नोकरी संपवली. कोणत्या चिलरचा सेन्सर खोटा अलार्म देतो, लॉन्ड्रीतल्या दुसऱ्या ड्रायरचा कॉन्टॅक्टर, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, अधूनमधून का चिकटतो, कोणता सुटा भाग स्टोअरमध्ये एकच उरला आहे, असे सगळे त्यात होते. जुने प्रवासी सकाळी उतरून दुपारी नवे चढेपर्यंत जे चार-पाच तास मिळतात, त्यातच हे सोपस्कार उरकावे लागतात. त्यामुळे जे कागदावर नाही ते बहुधा जहाजावरून उतरणाऱ्याबरोबरच निघून जाते.

मी मूळचा इचलकरंजीचा. यंत्रमागांच्या खडखडाटात वाढल्यामुळे इंजिन रूमच्या आवाजाचे मला कधी काही वाटले नाही, मात्र समुद्र पहिल्यांदा पाहिला तो शाळेच्या सहलीत, गणपतीपुळ्याला. इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची पदवी आणि काही वर्षे कारखान्यातली नोकरी झाल्यावर चार महिन्यांचा ईटीओचा, म्हणजे इलेक्ट्रो-टेक्निकल ऑफिसरचा, कोर्स केला. जहाजावरच्या कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांत २०१० मध्ये मनिलात झालेल्या दुरुस्त्यांनी या पदाला स्वतंत्र स्थान दिले होते आणि त्या १ जानेवारी २०१२ पासून लागू होणार होत्या, त्यामुळे माझी वेळ चांगली साधली गेली. नातेवाइकांच्या लेखी मात्र मी 'बोटीवर मजा करणारा'च राहिलो. वस्तुस्थिती अशी, की ज्या मजल्यावर मी दिवसाचे दहा-अकरा तास घालवत असे, तिथे खिडकीच नव्हती.

आजच्या बहुतेक मोठ्या क्रूझ जहाजांत इंजिन जहाज ढकलणारा पंखा थेट फिरवत नाही. डिझेल इंजिने वीज तयार करतात आणि त्या विजेवर पंख्याच्या मोटरीपासून स्वयंपाकघरातल्या भट्टीपर्यंत सगळे चालते. म्हणजे जहाज हे एका छोट्या शहराचे वीजकेंद्रच असते, आणि त्या शहराला बाहेरून जोडणी नसते. वीज गेली तर केवळ दिवे जात नाहीत, जहाजाची दिशाही जाते. मार्च २०१९ मध्ये नॉर्वेच्या किनाऱ्याजवळ वादळात 'वायकिंग स्काय' या जहाजाची वीज गेली, ती वंगणतेलाच्या टाक्यांतली पातळी कमी होती म्हणून. खडकांकडे ढकलल्या जाणाऱ्या त्या जहाजावरून ४७९ माणसे हेलिकॉप्टरने उचलावी लागली. त्यानंतर कित्येक महिने आमच्या कंट्रोल रूममध्ये तेलाच्या पातळीची नोंद कोणी नजरअंदाजाने केली नाही.

जहाजाचे एक वैशिष्ट्य जमिनीवरच्या इलेक्ट्रिशियनला सांगितले तर खरे वाटत नाही. तिथल्या ४४० व्होल्टच्या जाळ्याचा न्यूट्रल अर्थला जोडलेला नसतो. त्यामुळे एखादी तार जहाजाच्या लोखंडाला टेकली तरी ब्रेकर पडत नाही, फक्त अलार्म वाजतो आणि यंत्रे चालू राहतात, कारण भर समुद्रात एका तारेपायी सुकाणूचा पंप बंद पडणे कोणालाच परवडणारे नसते. पण दुसरी तार टेकून शॉर्ट सर्किट होण्याआधी पहिली शोधावीच लागते. पहाटे अडीच वाजता अलार्म आला, की एकेक फीडर, म्हणजे एकेका भागाला वीज नेणारी वाहिनी, क्षणभर उघडून मीटरचा काटा हलतो का ते पाहायचे. मग शोध बहुतेकदा गॅलीत, म्हणजे मुदपाकखान्यात, जाऊन थांबायचा. भांडी धुण्याच्या यंत्राचा हीटर सोडवून त्याला मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचे मीटर, लावायचा. काटा शून्याकडे झुकून दोष सापडला, की समोरच्या फिलिपिनो सहकाऱ्याच्या आणि माझ्या चेहऱ्यावर जे समाधान उमटे, त्याला पहाटेच्या त्या वेळी कॉफीचीही गरज नसे.

सोडण्याचे एकच एक कारण मला सांगता येत नाही. आईच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया, मुलीची दहावी, घराचे हप्ते संपत आलेले, ही सगळी कारणे खरी होती आणि ती आधीच्या तीन करारांच्या वेळीही तितकीच खरी होती. दर वेळी 'हा एकच करार, मग पुरे' असे ठरायचे. भारतातला मुक्काम आर्थिक वर्षात १८२ दिवसांच्या आत ठेवला की तिकडच्या पगारावर इथे कर नाही, हे गणित इतके अंगवळणी पडले होते, की घरी राहण्याचे दिवसही मी कॅलेंडरवर खर्चासारखे मांडत असे. दुसरीकडे भविष्य निर्वाह निधी नाही, ग्रॅच्युइटी नाही आणि करार संपला की पगार थांबतो, हे मी सोयीस्करपणे बाजूला ठेवत आलो होतो. शेवटी नवा करार सहीसाठी ईमेलने आला आणि मी त्याला उत्तरच दिले नाही. निर्णय म्हणावा असा तो एवढाच.

आता मी कोल्हापुरातल्या एका रुग्णालयाची विद्युत व्यवस्था पाहतो, पूर्वीच्या साधारण एक तृतीयांश पगारात. पहिल्याच दिवशी ट्रान्सफॉर्मरजवळ उभे राहिल्यावर काहीतरी चुकल्यासारखे वाटत राहिले, आणि थोड्या वेळाने लक्षात आले, की त्याचा सूरच खालचा होता. जहाजाची वीज ६० हर्ट्झची आणि इथली ५० ची, त्यामुळे कानात बारा वर्षे भरलेली ती गुणगुण एकाएकी उतरली होती. जनरेटरबाबत मात्र मनाची तयारी होती. जहाजावर वीज गेल्यापासून ४५ सेकंदांत आपत्कालीन जनरेटरने भार घेतला पाहिजे असा नियम आहे. इथला दहा-बारा सेकंदांत घेतो, आणि शस्त्रक्रियागृहाला तेवढाही वेळ नसल्यामुळे तिथे यूपीएस आहे.

खरा धक्का लॉन्ड्रीत बसला. तिथल्या बोर्डात ईएलसीबीची, म्हणजे गळती होताच वीज तोडणाऱ्या ब्रेकरची, जागा रिकामी होती आणि तारा सरळ जोडून टाकल्या होत्या. वीस वर्षे तिथे काम करणाऱ्या इलेक्ट्रिशियनला विचारले, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "ते सारखं पडतंय सर, म्हणून काढून टाकलंय." मी रागावलो नाही असे म्हणणे खोटे ठरेल. मग आम्ही दोघांनी मिळून एक दुपार घालवली आणि पाण्याने कुजलेली केबल शोधून काढली. दोष सापडल्यावर त्यांच्या चेहऱ्यावरचे समाधान पाहिले आणि मला पहाटे अडीचची ती गॅली आठवली. आता ईएलसीबी जागेवर आहे आणि ते स्वतः महिन्यातून एकदा तिचे टेस्टचे बटण दाबून वहीत नोंद करतात.

घरी रुळणे यापेक्षा अवघड गेले. सुट्टीवर यायचो तेव्हा रोज पाहुणचार असे. एक दिवसाआड तांबडा-पांढरा रस्सा, आणि कोणी मला बाजारातून कोथिंबीरसुद्धा आणायला सांगत नसे. चौथा महिना उलटला तसा रस्सा रविवारपुरता उरला, आणि नळाला पाणी कधी येते, वरच्या टाकीचा कोणता व्हॉल्व्ह अर्धाच उघडायचा, मुलीच्या क्लासची फी कोणत्या तारखेला भरायची, यांतले मला काहीच ठाऊक नाही हे उघड झाले. ही व्यवस्था बायकोने एकटीने बारा वर्षे चालवली होती, आणि तिचे कागद तिच्या डोक्यात होते. मी व्यवस्थित लिहून दे म्हणालो, तर ती म्हणाली, "लिहायला वेळ कुठाय? रोज बघा, येईल." ते खरेच होते, पण टाकी त्यापूर्वी दोनदा वाहिली.

गेल्या महिन्यात रात्री दोन वाजता फोन वाजला. माझ्या जागी आलेल्या त्या अधिकाऱ्याचा संदेश होता: दुसऱ्या ड्रायरचा कॉन्टॅक्टर पुन्हा चिकटला आहे, नोट्समध्ये लिहिल्याप्रमाणे सगळे केले, तरी सुटत नाही. मी बिछान्यात उठून बसलो आणि कंट्रोल सर्किटमधली नेमकी कोणती तार तपासायची ते त्याला सविस्तर लिहून पाठवले. बायकोने अर्धवट झोपेत विचारले, "अहो, कोणाचा फोन?"

"ड्रायर चिकटलाय," मी म्हणालो.

"बरं," ती कूस बदलत म्हणाली, "पहाटे पाचला पाणी येणार आहे, तो व्हॉल्व्ह तेवढा बघा."