आमची वाटचाल: मैदानावरून कारखान्यात काय आलं आणि काय येऊ दिलं नाही

खेळल्याने नेतृत्व येतं, हे सरसकट विधान आम्हाला पटत नाही. चांगला खेळाडू पुष्कळदा वाईट साहेब ठरतो, कारण अवघड चेंडू आपणच खेळायचा ही त्याची सवय सुटत नाही. मैदानावरून धंद्यात येतात त्या काही ठरावीक सवयी. त्याही आपोआप येत नाहीत, कामाच्या वेळापत्रकात त्यांना जागा करून द्यावी लागते. प्रेसवर पत्र्याचे सुटे भाग काढणाऱ्या आमच्या छोट्या कारखान्याची घडी हळूहळू अशा सवयींवर बसली.

सर्वांत जास्त कामाला आली ती रिले. ४ × १०० मीटर शर्यतीत बॅटन ३० मीटरच्या पट्ट्यातच हातात पडावं लागतं. पुढचा धावपटू उभा राहून वाट बघत नाही. मागचा खुणेपाशी आला की तो सुटतो, म्हणजे बॅटन मिळतं तेव्हा दोघेही वेगात असतात. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये जपानच्या चौघांपैकी एकाच्याही नावावर तोवर १० सेकंदांच्या आतली १०० मीटर नव्हती, तरी त्यांनी रौप्यपदक नेलं. त्याच अंतिम शर्यतीत अमेरिकेचा संघ बॅटन बदलताना चुकला आणि बाद झाला.

आमच्याकडे शिफ्ट बदलताना १५ मिनिटं दोन्ही ऑपरेटर मशीनपाशी असतात आणि प्रेस चालू राहते. जाणारा तीनच गोष्टी तोंडी सांगतो: चालू जॉबचे किती नग बाकी, डायला (पत्रा कापणाऱ्या साच्याला) शेवटची धार कधी लावली, आणि काय खटकतंय. मग ताजा नग दोघांनी मोजायचा. बर (कापलेल्या कडेला उरणारी टोकदार कूस) अंगठ्याने चाचपून बघायची. धार उतरत असेल तर ती गेजच्या (मापाच्या साधनाच्या) आधी बोटाला कळते. येणाऱ्याने जॉब कार्डावर सही केली की जबाबदारी त्याची, तोवर जाणाऱ्याची. हे नसेल तर रजिस्टरमध्ये ‘सर्व ठीक’ एवढंच उरतं आणि खराब नगांचा ढीग नेमका कोणाचा यावर सकाळ जाते. वेळ अर्ध्या तासावर नेली तर गप्पा सुरू होतात आणि मशीनचा धनी कोणीच राहत नाही.

तातडीच्या ऑर्डरींचं उत्तर क्रिकेटच्या रिव्ह्यूमध्ये सापडलं. कसोटीत संघाला डावात तीन फसलेले रिव्ह्यू परवडतात आणि मागायचा की नाही हे १५ सेकंदांत ठरवायचं असतं. बॉलरला प्रत्येक फलंदाज बाद वाटतो, म्हणून शहाणा कर्णधार आधी कीपरकडे बघतो. धंद्यात बॉलर म्हणजे विक्रीवाला. त्याला आम्ही आठवड्याला दोन लाल चिठ्ठ्या देतो. चिठ्ठी लावली की चालू जॉब उतरवून त्याचा जॉब चढतो, पण आधी नियोजन बघणाऱ्याने डाय आणि पत्रा दोन्ही हजर असल्याचं सांगायचं. माल दिलेल्या तारखेला ग्राहकाने उचलला नाही, तर तातडी खोटी होती आणि चिठ्ठी गेली. उचलला तर परत मिळते. चिठ्ठ्या मोजक्या असल्या की ‘फार अर्जंट आहे’ म्हणण्याआधी माणूस ग्राहकाला एक फोन करतो.

जबाबदारी सोपवायला मात्र खो-खोसारखा गुरू नाही. पाठलाग करणारा मागून स्पर्श करून ‘खो’ म्हणतो आणि उठणाऱ्याच्या जागी स्वतः बसतो. खो देऊन तोच पळत राहिला तर फाउल. मालक नेमका हाच फाउल करतात: पत्र्याची खरेदी एकाला सोपवतात आणि संध्याकाळी पुरवठादाराला स्वतःच फोन लावतात. दोन भाव कानावर आले की पुरवठादार खरेदीवाल्याशी बोलणंच बंद करतो. म्हणून सोपवताना एक रक्कम ठरवायची. तिच्या आतल्या व्यवहारात मालकाने पडायचं नाही, पुरवठादाराचा फोन आला तरी तो खरेदीवाल्याकडे वळवायचा.

सराव ही खेळाची खरी देणगी, आणि धंद्यात तिलाच कोणी वेळ देत नाही. खेळाडू सामन्याच्या कितीतरी पट सराव करतो. कामगार थेट सामन्यातच उतरतो. आठवड्यातून एकदा, भार कमी असताना, आम्ही डाय बदलण्याचा नुसता सराव ठेवतो. प्रेस थांबण्याआधी पुढची डाय ट्रॉलीवर, बोल्ट आणि क्लॅम्प लागतील त्या क्रमाने ट्रेमध्ये, शट हाइटचा (प्रेस पूर्ण मिटल्यावर डायसाठी उरणाऱ्या उंचीचा) आकडा डायवरच रंगवलेला. थांबल्यावर फक्त क्लॅम्प सोडणं, डाय काढणं-बसवणं, उंची लावणं आणि पहिला नग तपासणं. घड्याळ लावायचं ते एकूण वेळेला, माणसाला नाही. घाईत क्लॅम्प अर्धवट आवळला तर डाय सरकते आणि पंच (पत्र्यात घुसणारा डायचा जोडीदार भाग) तुटतो, त्यामुळे आवळणी दुसऱ्याने तपासल्याशिवाय घड्याळ थांबत नाही.

मैदानावरचं सगळंच आत घेण्यासारखं नसतं. धावफलक तर मुळीच नाही. ताशी नगांचे आकडे नावानिशी लावले की सोपे जॉब पळवले जातात, अवघड जॉब कोपऱ्यात पडून राहतात, आणि स्क्रॅप वाढतो तो फळ्यावर दिसतच नाही. फळा लावायचाच तर पूर्ण लाइनचा लावावा आणि त्यात पास झालेलेच नग धरावेत. ‘जिंकायचंच’ ही भाषाही दारातच थांबवलेली बरी. सामना संपतो, प्रतिस्पर्धी घरी जातो. ग्राहक पुढच्या महिन्यात पुन्हा समोर बसणार असतो.

मुलाखतीत ‘खेळायचात का?’ हा प्रश्न निरुपयोगी आहे, सगळेच हो म्हणतात. आम्ही विचारतो, राखीव खेळाडू असताना काय करायचात? जो समोरच्या संघाच्या चढाईवाल्याचा पाय कुठून येतो हे सांगायला लागतो, त्याला दुसऱ्या दिवशी मशीनपाशी उभं करून बघतो. ‘मी कधी राखीव नव्हतोच’ म्हणणाराही कामाचा असू शकतो, पण सुपरवायझर म्हणून नाही.