पडला, पडली, पडलं : तिसरीला व्याकरण शिकवताना माझा अनुभव

तिसरीच्या मुलांना ‘लिंग ओळखा’ म्हणून शब्द दिले की राजा, गाय, आजोबा इथपर्यंत गाडी नीट चालते. ‘भिंत’ आली की पेन्सिली थांबतात. दोष मुलांचा नसतो. पुरुषजातीचा बोध होतो ते पुल्लिंग, स्त्रीजातीचा होतो ते स्त्रीलिंग, ही व्याख्या आपणच त्यांच्या हाती दिलेली असते आणि भिंतीच्या बाबतीत ती काहीच सांगत नाही. तेच मूल मधल्या सुट्टीत ‘पावसाने भिंत पडली’ हे बिनचूक बोलत असते. लिंग, वचन, सामान्यरूप (प्रत्यय लागताना शब्दाचे होणारे बदललेले रूप, जसे ‘पाऊस’चे ‘पावसा-’) सगळे त्याच्या तोंडात आहे. ते त्याचे त्याला ऐकू आणून द्यायचे, म्हणून मी व्याख्या मागे ठेवते. रोज वीस मिनिटे असे सहा आठवडे मला या भागाला लागतात: दोन आठवडे लिंग, एक वचन आणि उरलेले तीन सामान्यरूप.

पहिल्या दिवशी टेबलाच्या कडेला वर्गातल्याच बारा वस्तू मांडते. खडू, डबा, रुमाल, चेंडू. वही, पट्टी, पेन्सिल, किल्ली. दप्तर, पुस्तक, कुलूप, फडके. मांडताना त्या अर्थातच मिसळून ठेवायच्या. एका मुलाने एक वस्तू बोटाने ढकलून खाली पाडायची आणि मी फक्त विचारायचे, ‘काय झालं?’ वर्ग सांगतो: खडू पडला, वही पडली, दप्तर पडलं. पाडणाऱ्याने ती वस्तू उचलून जमिनीवर खडूने आखलेल्या तीन चौकटींपैकी एकीत ठेवायची. चौकटींची नावे ‘ला’, ‘ली’, ‘लं’. एक पथ्य कटाक्षाने पाळावे लागते, ते म्हणजे वाक्य पुरे यायला हवे. नुसते ‘पडला’ चालवून घेतले तर मुले वस्तूकडे न बघता शेजाऱ्याचा शेवट ऐकून तोच म्हणतात, आणि खेळ रंगला तरी शिकणे होत नाही.

नेहमीची तो-ती-ते ही कसोटी मी सुरुवातीला मुद्दाम टाळते. ‘ते पुस्तक’ हे एक पुस्तक, पण ‘ते खडू’ म्हणजे अनेक खडू. ‘ती वही’ एक, पण ‘ती पुस्तके’ अनेक. हे आणि ही यांचेही तसेच. समोर खडूंची पेटी असेल तर मूल ‘ते खडू’ म्हणून मोकळे होते आणि खडू नपुंसकलिंगी ठरवते. त्याने चुकीचे काही म्हटलेले नसते, कसोटीच दुहेरी असते. बोलण्यातला ‘पडलं’ मात्र एका नपुंसकलिंगी वस्तूपुरताच येतो, कारण खडू अनेक असले की ‘पडले’. ‘पडली’ तेवढे दोन्हीकडे येते (वही पडली, पुस्तकं पडली), पण हाताने एकच वस्तू ढकललेली असल्यामुळे तिथे गोंधळ होत नाही.

मराठीत पडत नाही अशी गोष्ट शोधावी लागते, हाही एक फायदा. पाऊस पडला, थंडी पडली, ऊन पडलं. प्रश्न पडला, सवय पडली, स्वप्न पडलं. चौथ्या-पाचव्या दिवशी हाताला न लागणारी ही नामे घेता येतात आणि भाववाचक वगैरे शब्द न उच्चारता मुले तिथवर पोचतात. जे खरेच पडत नाही त्याला माझा-माझी-माझं लावायचे.

दुसऱ्या आठवड्यात वस्तूंच्या जागी चित्रकार्डे येतात. बावीस बाय अठ्ठावीस इंची एका कार्डशीटमधून चार बाय तीन इंचाची एकोणपन्नास कार्डे निघतात. मला छत्तीस पुरतात, प्रत्येक लिंगाची बारा. पुढे चित्र आणि शब्द, मागे रंगाचा ठिपका, म्हणजे पाच-सहा जणांचा गट आपले आपण तपासू शकतो. रंग हिरवा, पिवळा, केशरी. निळा आणि गुलाबी नकोत, कारण ते दिसले की मुले पुन्हा मुलगा-मुलगी शोधू लागतात.

सजीव नामे मी इथे आणते, आधी नाही. त्यातही मुंगी, उंदीर, झुरळ, पाल, डास, कासव अशी घ्यावीत. मुंगी नर असो की मादी, मुंगी ‘पडली’; झुरळ ‘पडलं’. लिंग शब्दाला असते, प्राण्याला काय आहे हा वेगळा प्रश्न, हे मुलांना इथे आपोआप कळते. ‘लिंग बदला’ हा राजा-राणी छापाचा प्रश्न मी या सहा आठवड्यांत अजिबात देत नाही. तो जोड्या पाठ करण्याचा प्रश्न आहे, आणि तो लवकर दिला तर टेबलाचे स्त्रीलिंग काय असा शोध सुरू होतो.

काही शब्दांवर वर्गात वाद होतो आणि तो होऊ द्यावा. बाग, वेळ, मजा हे शब्द दोन्ही लिंगांत चालतात. पेन कुणाच्या घरी पडतो, कुणाच्या घरी पडतं. अशा शब्दांसाठी चौथी चौकट ठेवायची आणि उत्तरपत्रिकेत त्यावर फुली मारायची नाही.

ही सगळी पद्धत कानावर उभी आहे, म्हणून घरची भाषा मराठी नसलेल्या मुलांकडे वेगळे लक्ष द्यावे लागते. हिंदी बोलणारे मूल ‘माझा घर’, ‘पाणी सांडला’, ‘फूल पडला’ म्हणते. हिंदीत दोनच लिंगे आहेत आणि घर, पाणी, फूल, दूध तिथे पुल्लिंगी आहेत. ‘पुस्तक पडली’ही तिथूनच येते. म्हणजे या मुलांची अडचण सगळ्या नामांची नाही, बहुतेक नपुंसकलिंगाची आहे. त्यांना ‘लं’च्या बारा कार्डांचा दुप्पट सराव दिला की फरक पडतो. मेळघाटातल्या कोरकू मुलांची गोष्ट निराळी. कोरकूत नामांची विभागणी सजीव-निर्जीव अशी आहे. गोंडीत ढोबळमानाने पुरुष एकीकडे आणि बाकी सगळे दुसरीकडे. त्या मुलांना ‘कानाला काय बरं वाटतं’ असे विचारणे अन्यायाचे आहे. त्यांच्यासाठी नवा शब्द कधीच एकटा द्यायचा नाही. ‘पाटी’ नाही, ‘माझी पाटी’. ‘कुलूप’ नाही, ‘माझं कुलूप’. शब्द आणि त्याचे लिंग एकाच घासात गेले पाहिजे.

तिसऱ्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी चौकटींना पुस्तकी नावे मिळतात: पुल्लिंग, स्त्रीलिंग, नपुंसकलिंग. तोवर चौकटी भरलेल्या असतात, त्यामुळे नाव सांगायला पाच मिनिटे पुरतात. त्याच दिवशी तो-ती-तेही जोडून द्यायचे, पण शब्दाआधी ‘एक’ लावून.

वचनालाही तेच टेबल. आता दोन-दोन वस्तू पाडायच्या. खडू पडले, रुमाल पडले, चेंडू पडले. शब्द जसाच्या तसा राहिला, बदल क्रियापदात दिसला. डबा मात्र डबे झाला. आकारान्त पुल्लिंगी नाम तेवढे बदलते, हे मुले स्वतः सांगतात. वही-वह्या, पट्टी-पट्ट्या यांत अडचण नसते. अडचण अकारान्त स्त्रीलिंगी नामांची: वीट-विटा, माळ-माळा, पण भिंत-भिंती, म्हैस-म्हशी. कोणता शब्द कुठे जाईल याचा सोपा नियम तिसरीला देता येत नाही, तो द्यायच्या भानगडीत पडू नये. एक खूण उपयोगी पडते: बहुधा ‘विटा’ होते त्याचे ‘विटेवर’ होते आणि ‘भिंती’ होते त्याचे ‘भिंतीवर’.

खरी मेख नपुंसकलिंगात आहे. मुले बोलताना ‘एक केळं’ म्हणतात आणि ‘दोन फुलं’ म्हणतात. शेवट तोच, पण केळं एक आणि फुलं अनेक. पाठ्यपुस्तकात हेच केळे आणि फुले असे छापलेले असते. ‘अं’ आला की अनेकवचन, असे मुलाच्या मनाने एकदा घेतले की नाणं, अंडं, फडकं सगळी अनेकवचनी होतात. म्हणून दोन ओळी शेजारी शेजारी लिहून वर्गात लावून ठेवते: फूल-फुले, घर-घरे, पुस्तक-पुस्तके ही एक, केळे-केळी, नाणे-नाणी, अंडे-अंडी ही दुसरी. बोलताना पुस्तकं, लिहिताना पुस्तके, हेही याच वेळी सांगायचे. बोलणे चुकीचे आहे असे मात्र म्हणायचे नाही.

सामान्यरूपाला तीन आठवडे देते, कारण तिसरी-चौथीच्या वह्यांतल्या शुद्धलेखनाच्या चुका मला सर्वांत जास्त इथेच सापडतात. ‘सामान्यरूप’ हा शब्द मी तिसरीत वापरत नाही. ‘ला लावून बघ, वर लावून बघ, त लावून बघ’ एवढेच.

साधन म्हणजे दुमडपट्टी. बारा इंच लांब, दोन इंच रुंद कार्डाची पट्टी. तिसरी-चौथी एकत्र बसत असतील तर त्या चौथीच्या मुलांकडून करून घ्याव्यात. पट्टीवर ‘डबा’ लिहायचे आणि उजवीकडचे टोक असे दुमडायचे की ते शेवटच्या अक्षरावर येऊन पडेल. त्या टोकावर ‘ब्यात’. उघडले की डबा, झाकले की डब्यात. टोकाने ‘बा’ हे अख्खे अक्षर झाकले गेले पाहिजे. फक्त काना झाकला तर मुलांना पूर्ण ‘ब’ दिसत राहतो आणि ती ‘डबयात’, ‘फळयावर’ लिहितात. अर्ध्या अक्षराची ही चूक उच्चाराची नाही, डोळ्याची आहे, म्हणून ती पट्टीनेच जाते.

दूध, मीठ, मूल, फूल यांत बदल दोन ठिकाणी होतो, म्हणून त्या पट्टीला डावीकडेही टोक ठेवायचे: ‘दू’वर ‘दु’ आणि ‘ध’वर ‘धात’. मुले शेवट बरोबर लिहितात आणि पहिली वेलांटी-उकार विसरतात: दूधात, मीठात, फूलाला. दोन्ही टोके एकाच वेळी मिटायची सवय हाताला लागली की लिहितानाही डावीकडे नजर जाते. विहीर-विहिरीत, वकील-वकिलाला यांत मधले अक्षर बदलते, तिथे पट्टी चालत नाही. अक्षरांची सुटी कार्डे लावावीत. माणूस-माणसाला, लाकूड-लाकडाचा, पाऊस-पावसात, उंदीर-उंदराला हा आणखी एक गट. पहिले अक्षर दीर्घ किंवा जड असते तिथे मधला ईकार-ऊकार गळतो, हे शिक्षकाने मनात ठेवावे, मुलांना फक्त गट एकत्र दाखवावा. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द या वाटेने जात नाहीत: शरीर-शरीरात. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ साली शासनाने मान्य केलेले शुद्धलेखनाचे चौदा नियम आणि १९७२ साली त्यांत पडलेली चारांची भर, असे अठरा नियम शिक्षकाने एकदा नीट वाचलेले असावेत. तिसरीच्या मुलाला त्यातला एकही पाठ करायला लावू नये.

पाचव्या आठवड्यात एसटीच्या पाट्या. पुणे, ठाणे, धुळे, सातारा, सोलापूर, रत्नागिरी. ‘गाडी कुठे चालली?’ पुण्याला, ठाण्याला, धुळ्याला, साताऱ्याला, सोलापूरला. ‘मामा कुठे राहतो?’ पुण्यात, सोलापुरात, रत्नागिरीत. हल्ली ‘पुणेला’, ‘ठाणेमध्ये’ इतके कानावर पडते की मुलांना ते बरोबर वाटते, आणि मला हे मनापासून खटकते. रोज पाच गावे घेतली तर आठवड्याभरात ते सुधारते.

याच सुमारास उलटी चूक सुरू होते. डबा-डब्याला जमले की लिहिताना काही मुले मामा-माम्याला, काका-काक्याला करतात. मामा, काका, दादा ही नाती आणि मीना, रेखा ही नावे बदलत नाहीत, एवढे तिथल्या तिथे सांगून पुढे जावे. दुसरी चूक शब्द तोडण्याची: ‘फळ्या वर’, ‘शाळे त’. हिंदीत ‘में’ आणि ‘पर’ सुटे लिहितात, मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यय शब्दाला चिकटून येते. पट्टीचे टोक शब्दापासून सुटे होत नाही, हे मुलांना दाखवले की पुरते.

वही तपासताना एका दिवशी एकाच जातीची चूक लाल करते. आज अर्धे अक्षर, तर वेलांटीवर खूण नाही. सगळे लाल केले की मूल शेरा बघते आणि वही मिटते.

सहाव्या आठवड्याच्या शेवटी दहा वाक्यांचे श्रुतलेखन, प्रत्येकात दोन बदललेली नामे. ‘आजीने दुधात साखर घातली आणि भांडे ओट्यावर ठेवले.’ ‘पावसात दप्तर भिजले म्हणून ते उन्हात ठेवले.’ गुण देत नाही. माझ्या वहीत चार रकाने असतात: वेलांटी-उकार, अर्धे अक्षर, तोडलेला शब्द, न बदललेला शब्द. मुलाचे नाव त्याच्या चुकीच्या रकान्यात जाते. ज्या रकान्यात पाचाहून जास्त नावे, त्याच्या पट्ट्या सोमवारी पुन्हा सगळ्या वर्गासाठी बाहेर निघतात. पाचापर्यंत असतील तर त्या मुलांना परिपाठानंतर दहा मिनिटे वेगळे बसवते आणि सुरुवात पुन्हा टेबलावरून वस्तू पाडण्यापासून करते.