आमची वाटचाल : टेपरेकॉर्डर, फीत आणि तिच्यातला आवाज

लातूरच्या गंजगोलाईपासून थोड्या अंतरावरच्या एका अरुंद गाळ्यात आमच्या वडिलांनी १९८४ साली टेपरेकॉर्डर दुरुस्तीचे काम सुरू केले. त्याआधी ते रेडिओ दुरुस्त करीत असत. त्या सुमारास आखाती देशांतून सुटीवर येणारे लोक टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकत्र असलेले यंत्र, घेऊन येऊ लागले होते, बाजारात कोऱ्या कॅसेट सहज मिळू लागल्या होत्या आणि गावोगावचे लोक नादुरुस्त यंत्र पिशवीत घालून विचारत येत, "रीळ फिरायलंय, पण आवाज येईना गेलाय." या एका तक्रारीच्या मागे निरनिराळी कारणे असू शकतात आणि ती शोधण्याची शिस्त वडिलांनी आम्हा भावंडांना लावली. आजही आमच्या संस्थेचे बहुतेक काम त्याच शिस्तीवर चालते.

कॅसेटचे तंत्र आमच्यासारख्या भागात इतके खोलवर का पोहोचले, याचे कारण त्याच्या जन्मातच आहे. फिलिप्स कंपनीने १९६३ साली बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात कॅसेट प्रथम मांडली, तेव्हा तिच्यासोबत आलेले यंत्रच मुळी सेलवर चालणारे आणि हातात धरून नेण्याजोगे होते. पुढे कंपनीने इतर उत्पादकांना हे तंत्र विनाशुल्क वापरू दिले. त्यामुळे फितीची रुंदी (३.८१ मिलिमीटर) आणि वेग (सेकंदाला ४.७६ सेंटीमीटर) सगळीकडे एकच राहिला. जपानमध्ये बनलेली कॅसेट मुंबईत बनलेल्या यंत्रात चालते आणि चाळीस वर्षांपूर्वी औशात भरलेली कॅसेट आजही लावता येते, ती यामुळेच. जिथे वीज तासन्‌तास जात असे, तिथे सेलवर चालणारे यंत्र ही चैन नव्हती. ज्या रात्री कीर्तन उभे राहिले, त्याच रात्री ते भरून घेण्याचा दुसरा मार्ग नव्हता.

आमचे सुरुवातीचे ग्राहक बहुतांशी अखंड हरिनाम सप्ताहाचे आयोजक होते. सात दिवसांची कीर्तने भरून ठेवायची आणि काल्यानंतर त्यांच्या प्रती काढून भाविकांना द्यायच्या, असा प्रघात अनेक गावांत पडला. त्यानंतर तुळजापूरकडचे गोंधळी येऊ लागले, भीमगीतांची पथके आली, लोकसाहित्यावर प्रबंध लिहिणारे विद्यार्थी आले. डॉ. प्रभाकर मांडे यांच्यासारख्या अभ्यासकांनी मराठवाड्यात लोकसाहित्याच्या अभ्यासाची जी परंपरा रुजवली, तिच्यामुळे वासुदेव, पोतराज, गोंधळी यांच्याकडे टेपरेकॉर्डर घेऊन जाणारी एक तरुण पिढीच तयार झाली होती. या विद्यार्थ्यांना यंत्र विकत घेणे परवडत नसे, म्हणून आम्ही ते भाड्याने देऊ लागलो. भाड्याने दिलेले यंत्र परत आले की वडील त्यासोबतची कॅसेटही ऐकायला मागत. यंत्र उत्तम असूनही ध्वनिमुद्रण खराब का आले, हे त्यातून कळत गेले, आणि यंत्र देताना अर्धा तास बसवून ते कसे वापरावे हे शिकवण्याची पद्धत आमच्याकडे सुरू झाली.

या अर्ध्या तासात पहिला भर मायक्रोफोनवर असे. लहान टेपरेकॉर्डरला अंगचाच मायक्रोफोन असतो आणि तो मोटरपासून काही सेंटीमीटरवर बसवलेला असल्यामुळे मोटरची घरघर फितीवर हमखास उतरते. स्वस्तातला का होईना, पण वायरचा वेगळा मायक्रोफोन लावावा, यंत्र दूर घडी केलेल्या सतरंजीवर ठेवावे आणि मायक्रोफोन गाणाऱ्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर, किंचित बाजूला धरावा, असे आम्ही सांगत असू. गोंधळात संबळ आणि कीर्तनात पखवाज व टाळ इतके जोरकस असतात की वादकाला दोन पावले मागे बसवल्याशिवाय शब्द कळत नाहीत. बहुतेक छोट्या यंत्रांत आवाजाची पातळी आपोआप सांभाळणारी व्यवस्था असते. गाणारा थांबला की ती व्यवस्था संवेदनशीलता वाढवते, मग पंख्याचा आणि पाठीमागच्या कुजबुजीचा आवाज फुगतो, आणि पुढची ओवी सुरू होताच सारे पुन्हा दबते. जात्यावरच्या ओव्यांच्या मुद्रणात हा दोष फार बोचतो, कारण तिथे दोन ओव्यांमधली घरघर हाही गाण्याचाच भाग असतो. म्हणून ज्या यंत्रावर पातळी हाताने ठरवता येते, ते यंत्र आम्ही ओव्यांसाठी राखून ठेवत असू.

कॅसेटच्या निवडीबाबत आमचे मत तेव्हाही ठाम होते आणि आजही तेच आहे. सी-६० ची, म्हणजे दोन्ही बाजू मिळून साठ मिनिटे चालणाऱ्या कॅसेटची, फीत सुमारे १८ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड असते, सी-९० ची सुमारे १२, तर सी-१२० ची जेमतेम ९. एका बाजूला तासभर मुद्रण होते या मोहाने लोक सी-१२० मागत, पण ती पातळ फीत ताणली जाते, रोलरभोवती गुंडाळते आणि उन्हाळ्यात एका वेढ्याचा आवाज लगतच्या वेढ्यावर उमटतो. आम्ही सी-१२० विकायला ठेवलीच नाही. दोन तासांच्या कीर्तनाला दोन सी-६० लागतात. कॅसेट उलटायची ती गजर चालू असताना, निरूपणाच्या मध्यावर नव्हे. नवी कॅसेट आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळून घ्यावी, म्हणजे वेढे सैल होतात आणि ऐन वेळी अडकत नाहीत. सुरुवातीचा काही सेकंदांचा पांढरा किंवा पारदर्शक पट्टा कोरा असतो, त्यावर आवाज उतरत नाही, म्हणून तो सरकल्यावरच गायकाला खूण करावी. मुद्रण झाल्यावर कॅसेटच्या मागच्या कडेचा छोटा कान मोडून टाकावा. तो मोडलेला नसल्यामुळे देवघरातल्या आजीच्या ओव्यांवर क्रिकेटचे धावते समालोचन चढलेले आम्ही पाहिले आहे.

सेलच्या बाबतीत एक गोष्ट लोकांना पटवून द्यायला फार वेळ लागला. सेल उतरू लागले की मोटर काही काळ वेग टिकवते, पण एका मर्यादेनंतर ती मंदावते आणि त्या वेळी जे मुद्रण होते ते ऐकताना काहीच वावगे वाटत नाही, कारण ऐकतानाही यंत्र तितकेच मंद असते. नवे सेल घातले की मात्र तोच बुवा चिरक्या, घाईच्या आवाजात गाऊ लागतो. म्हणून महत्त्वाच्या मुद्रणाला नवे सेल, आणि रात्र लांबली तर दुसरा संच खिशात, हा नियम होता. चार पेन्सिल सेल ६ व्होल्ट देतात; त्यांच्या जागी पुन्हा भरता येणारे निकेल-कॅडमियमचे सेल घातले तर ४.८ व्होल्टच मिळतात आणि काही यंत्रे तेवढ्यावर डळमळतात. अॅडॉप्टरच्या पिनेत आतली बाजू काही यंत्रांत धन तर काही यंत्रांत ऋण असते, हे न पाहता जोडल्यामुळे जळालेली यंत्रे तर नेहमीच येत. आणि यंत्र ठेवून देताना सेल काढलेच पाहिजेत. गळलेल्या सेलने खाल्लेले पत्रे आणि तुटलेले तांब्याचे पट्टे ही आजही आमच्याकडे येणाऱ्या यंत्रांतली सर्वांत मोठी हानी आहे.

आता देखभालीविषयी, ज्याच्यावर आमचा संसार उभा राहिला. १०,००० हर्ट्झच्या ध्वनीची फितीवरची तरंगलांबी ५ मायक्रॉनपेक्षाही कमी असते. याचा अर्थ असा की फितीवरून झडलेल्या तपकिरी भुकटीचा अगदी पातळ थर जरी हेडवर, म्हणजे फितीला टेकून आवाज उमटवणाऱ्या आणि वाचणाऱ्या भागावर, बसला, तरी फीत हेडपासून तेवढी दूर जाते आणि वरच्या पट्टीतले सारे काही नाहीसे होते. स, श, च ही अक्षरे आधी जातात. आवाज "जाड" झाला अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी पुष्कळांचे काम कापसाच्या काडीने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने होत असे. आधीचा आवाज पुसणारे हेड, मुद्रणाचे हेड, फीत ओढणारा कॅप्स्टनचा लोखंडी दांडा आणि त्यावर दाबला जाणारा रबरी रोलर, या चारही जागा स्वच्छ झाल्या पाहिजेत, आणि अल्कोहोल पूर्ण वाळल्यावरच कॅसेट लावली पाहिजे. रॉकेलने किंवा अत्तराने हेड पुसू नये, हे आम्ही पाटीवर लिहून लावले होते, कारण तसे करणारे खरोखरच होते. रोलरवर तेलाचा एक थेंब पडला तर रोलर फितीवरून घसरतो, वेग डगमगतो आणि बऱ्याचदा फीत आत गुंतते. यंत्र बंद करताना प्लेची कळ दाबलेली ठेवली तर रोलर एकाच जागी चेपून राहतो आणि मग प्रत्येक फेऱ्याला आवाजात हिसका येतो.

बेल्ट हा दुसरा विषय. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा ४२ अंशांपलीकडे जातो आणि पत्र्याखालच्या खोलीत ठेवलेल्या यंत्रातला रबरी पट्टा सैलावतो. कित्येक वर्षे न उघडलेल्या यंत्रात तर तो वितळून डांबरासारखा चिकटलेला असतो. नवा पट्टा घालण्याआधी हा चिकटा प्रत्येक चाकावरून पूर्ण काढावा लागतो, नाहीतर नवा पट्टा घसरतो. पट्टा जास्त घट्ट घेतला तर मोटरचे बुश झिजते, जास्त सैल घेतला तर वेग टिकत नाही. त्यानंतर ३,००० हर्ट्झचा सूर भरलेली चाचणीची कॅसेट लावून मोटरच्या पाठीमागच्या बारीक छिद्रातला स्क्रू फिरवत वेग जुळवायचा आणि मग हेडच्या कडेचा स्क्रू फिरवून त्याचा कोन फितीला काटकोनात आणायचा. या शेवटच्या कामाला कान लागतो. मुलांना हे शिकवायला आम्हाला नेहमीच सर्वांत जास्त वेळ लागला आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. दगडमातीची घरे कोसळली, पाठोपाठ पाऊस आला आणि ढिगारे चिखल होऊन बसले. पुढच्या काही महिन्यांत त्या भागातले लोक चिखलाने भरलेल्या कॅसेट घेऊन आमच्याकडे येऊ लागले. कोणाच्या कॅसेटमध्ये लग्नातली गाणी होती, कोणाच्या बारशातला पाळणा, कोणाच्या नुसतेच घरातले बोलणे. त्या कॅसेट यंत्रात लावता येण्याजोग्या नव्हत्याच. कॅसेटचे पाच स्क्रू काढून, आणि स्क्रू नसलेली असेल तर सांध्यावर पातळ पाते फिरवून, ती उघडायची. रिळे बाहेर काढून डिस्टिल्ड वॉटरमध्ये हळुवार धुवायची. सावलीत, घरातल्या तापमानाला वाळवायची. फीत हाताने दुसऱ्या कवचात भरायची आणि तुटली असेल तिथे टेप जोडण्याची खास पट्टीच वापरायची. साधी सेलोटेप लावली तर तिचा डिंक पाझरून शेजारच्या वेढ्याला आणि हेडला चिकटतो. काही कॅसेटमधून आवाज पूर्ण परत आला, काहींतून तुटक आला, काहींतून आला नाही. त्या कामाचे पैसे वडिलांनी घेतले नाहीत. तेव्हापासून बाहेरून आलेली कोणतीही कॅसेट उघडून, तिच्यातला फीत दाबून धरणारा लोकरी तुकडा जागेवर आहे की नाही हे पाहिल्याशिवाय यंत्रात घालायची नाही, असा नियम आमच्याकडे आहे.

२००० नंतर सीडी आली, मग मोबाइल आला. सप्ताहाचे काम थांबले, भाड्याची यंत्रे कपाटात गेली आणि काही वर्षे दुकान चार्जर व रिमोटवर चालले. त्या काळात लोक भंगारात काढत असलेले टेपरेकॉर्डर आम्ही किलोच्या भावाने विकत घेत राहिलो. हेड, मोटर, चाके, दाते यांचा जो साठा तेव्हा झाला, त्याच्याच बळावर आज आम्ही उभे आहोत, कारण नवे उत्तम हेड आता बाजारात जवळजवळ मिळत नाही.

गेल्या काही वर्षांपासून लोक पुन्हा येऊ लागले आहेत आणि या वेळी त्यांना कॅसेटमधला आवाज संगणकावर हवा आहे. हे काम घाईचे नाही. सी-६० च्या दोन्ही बाजू उतरवायला पूर्ण एक तास लागतो, त्यात काटकसर होत नाही. आम्ही मूळ प्रत किमान ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटवर, आवाजाची कोणतीही सफाई न करता ठेवतो आणि मोबाइलवर ऐकण्यासाठी वेगळी हलकी प्रत देतो. खरखर काढण्याच्या नादात जात्याची घरघर पुसून टाकणारी मुद्रणे पाहिली की वाईट वाटते. ज्या यंत्रावर मुद्रण झाले त्याचे हेड थोडे तिरके असेल तर फितीवरचा ठसाही तितकाच तिरका असतो. मग आमचे यंत्र कितीही बिनचूक जुळवलेले असले तरी आवाज दबकाच येतो. प्रत्येक कॅसेटसाठी हेडचा कोन त्या कॅसेटप्रमाणे नव्याने जुळवावा लागतो आणि काम संपल्यावर चाचणीच्या कॅसेटवर पूर्ववत आणावा लागतो. यासाठीच आम्ही ग्राहकांना कॅसेटसोबत घरातले जुने यंत्रही, बंद असले तरी, घेऊन यायला सांगतो. त्याच्या हेडचा कोन आणि चालण्याचा वेग पाहिला की निम्मे काम सोपे होते.

सध्या एका गोंधळी घराण्याच्या कॅसेट आमच्याकडे आहेत. त्या दोन वेगळ्या यंत्रांवर भरलेल्या आहेत. त्यांपैकी एक यंत्र घरच्यांनी माळ्यावरून काढून आणले, सेल गळून त्याचा तळ खाल्ला गेला असला तरी हेड शाबूत आहे. दुसरे हरवले आहे. माझ्या मुलाने कॅसेट ऐकून, कोणती कोणत्या यंत्रावरची हे कानाने ओळखून दोन गठ्ठे केले आहेत. पहिल्या गठ्ठ्याचे काम सुरू झाले आहे आणि दुसऱ्यासाठी प्रत्येक कॅसेटला हेड स्वतंत्रपणे जुळवावे लागेल.