राजापूरचे सडे, फुटलेला गिअरबॉक्स आणि कोल्हापूरचं आर्गन वेल्डिंग

आधीच सांगतो, ट्रिपचे फोटो, समुद्र, उकडीचे मोदक वगैरे हवं असेल तर हे वाचू नका. पाच दिवसांतले तीन मस्त गेले आणि त्यांच्याबद्दल मला काही लिहावंसं वाटत नाहीये. आडिवऱ्याची महाकाली, कशेळीचा कनकादित्य, विजयदुर्ग, सगळं झालं, सगळं छान. हे लिहितोय ते उरलेल्या दोन दिवसांबद्दल, कारण जायच्या आधी मी जे काही वाचलं-ऐकलं त्यात एकानेही हे सांगितलं नव्हतं.

मी, बायको आणि मेहुणा, पुण्याहून निघालो राजापूर भागातली कातळशिल्पं, म्हणजे उघड्या खडकात कोरलेली जुनी चित्रं, बघायला. २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत नाव आल्यापासून जायचं डोक्यात होतं. कशेळीचा तो प्रचंड हत्ती, आर्यादुर्गा देवळाजवळचं देवीहसोळचं, बारसूचा सडा (सडा म्हणजे जांभ्याचं उघडं पठार), या तिन्ही ठिकाणी काही त्रास नाही, उन्हाची टोपी आणि पाणी घ्या, बास. घोळ झाला देवाचं गोठणेला. इथलं कातळशिल्प खास आहे, त्यावर कंपास ठेवला की काटा भलतीकडेच फिरतो, म्हणून मेहुण्याचा हट्ट. आता गावापर्यंत, भार्गवरामाच्या देवळापर्यंत रस्ता ठीक आहे. तिथे गाडी लावायची आणि सड्यावर चालत जायचं. एवढंच करायचं होतं. पण आम्हाला आदल्या दिवशी भेटलेले एक गृहस्थ म्हणाले "अहो चालताय कशाला, मागच्या बाजूने कच्चा रस्ता आहे, माझी गाडी परवाच वर गेली." त्यांची गाडी कुठली हे मी विचारलं नाही. नंतर कळलं, जीप.

कच्चा रस्ता पहिला एक किलोमीटर बरा आहे, त्यानेच फसायला होतं. मग जांभ्याच्या उघड्या पायऱ्या लागतात, आणि नंतर एक साधारण चारशे मीटरचा पट्टा, तिथे कुणीतरी काळ्या दगडाची सोलिंग (रस्त्याखालचा मोठ्या दगडांचा थर) टाकून काम अर्धवट सोडलंय. जांभा गाडीखाली लागला तर बहुतेक वेळा तोच झिजतो, भुगा होतो. काळा दगड झिजत नाही. मी गाडी चालवायला लागून बावीस वर्षं झाली आणि तरी मी ती नवशिक्याची चूक केली, म्हणजे मोठा दगड दोन चाकांच्या मधे घेतला. दगड मधे घ्यायचा नसतो, त्याच्यावर चाक चढवायचं असतं, म्हणजे गाडीचं पोट वर उचललं जातं. माझ्या हॅचबॅकचा ग्राउंड क्लिअरन्स कागदावर १७० मिलीमीटर आहे, पण तो रिकाम्या गाडीचा, तीन माणसं आणि डिकीत पाच दिवसांचं सामान टाकल्यावर काय राहतो ते देवालाच माहीत. खण्ण असा आवाज आला. धप्प नाही, खण्ण. हा फरक लक्षात ठेवा, पत्रा लागला की धप्प होतं.

खाली उतरून बघितलं तर काही दिसलं नाही (मोबाईलचा टॉर्च मारून पाच सेकंद बघितलं, त्याला बघणं म्हणायचं असेल तर) आणि आम्ही गाडी वळवून परत निघालो. दीड किलोमीटरवर एक टपरी आहे तिथे थांबलो, तर तिथल्या काकी म्हणाल्या "तेल गळतंय वो तुमच्या गाडीतना." मागे रस्त्यावर काळी रेघ. लगेच इंजिन बंद. इथे तीन-चार माणसं जमली आणि सगळ्यांनी एकच निदान केलं, चेंबर फुटला. आपल्याकडे खालून काही गळलं की चेंबरच फुटतो. पण चेंबर म्हणजे इंजिन ऑइलचा, आणि डिपस्टिक काढून बघितली तर ऑइल जिथल्या तिथे. मग बोट लावून वास घेतला. गिअर ऑइलला गंधकाचा, सडक्या अंड्यासारखा वास येतो, एकदा घेतला की विसरत नाही. गिअरबॉक्सच्या खालच्या अंगाला बोटभर लांबीची चीर.

साबण लावून बघितला. अंगाचा साबण पेट्रोलच्या टाकीला चालतो हे खरं आहे, मी स्वतः केलंय, पण इथे नाही, थेंबाथेंबाने चालूच राहिलं. एमसील होतं, तेही तेलकट अॅल्युमिनियमवर चिकटेना, थिनरने पुसून पुसून लावलं तरी सकाळी सालपटासारखं हातात आलं. आणि समजा चिकटलं असतं तरी काय, आतलं तेल तर गेलं होतं. त्यामुळे पहिला सल्ला, आणि याच्यावर वाद घालू नका: गिअरबॉक्स फुटल्यावर "हळूहळू जाऊ" असं काही नसतं. तेलाशिवाय आधी बेअरिंग जातात, मग सिंक्रो (गिअर सहज पडावा म्हणून असलेल्या रिंगा), आणि अडीच हजाराचं काम लाखाच्या घरात जातं. शिवाय इन्शुरन्सवाले आदळल्याचं नुकसान देतात पण नंतर तशीच चालवल्याने झालेलं देत नाहीत.

इन्शुरन्सचं आत्ताच सांगून टाकतो. माझी गाडी दहा वर्षांच्या वरची, त्यामुळे झिरो डेप (घसारा न कापणारी पॉलिसी) नसेल तर धातूच्या पार्टवर ५० टक्के घसारा, रबर-प्लास्टिकवर ५० टक्के तर कायमच, वरून १००० रुपये तुमच्या खिशातून, आणि माझा ५० टक्क्यांचा नो क्लेम बोनस गेला असता तो वेगळाच. हिशेब केला, क्लेम केला नाही. नवी गाडी असेल तर मात्र जागेवरून हलायच्या आधी फोटो काढा, कंपनीला कळवा आणि मगच हात लावू द्या.

आता लूट. राजापुरातला मेकॅनिक सरळ माणूस, त्याने खाली झोपून बघितलं, म्हणाला हे माझ्याकडे होणार नाही, चहाचेसुद्धा पैसे घेतले नाहीत. मग एका मोठ्या शहरातल्या मोठ्या गॅरेजला व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवले. दहा मिनिटांत उत्तर, "हौसिंग (गिअरबॉक्सचं बाहेरचं कवच) वेगळं मिळत नाही, पूर्ण गिअरबॉक्स असेंब्ली बदलावी लागेल, ९२ हजार, आठ दिवस." न बघता! मी विचारलं वेल्डिंग होईल का, तर म्हणे अॅल्युमिनियम वेल्ड होत नाही. हे ऐकून माझं डोकं फिरलं, कारण मी मेकॅनिकल डिप्लोमावाला आहे, गंजलेला का होईना. अॅल्युमिनियम वेल्ड होतं. साध्या वेल्डिंगने होत नाही एवढंच, कारण अॅल्युमिनियम ६६० डिग्रीला वितळतं आणि त्याच्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा दोन हजार डिग्रीच्या वर, म्हणजे वरचं साल फुटेपर्यंत आतलं पाणी होऊन खाली पडतं. त्याला एसी करंटवर चालणारं आर्गन वेल्डिंग लागतं आणि करणारा हात लागतो. आणि हात कुठे आहे तर कोल्हापूरला. फाउंड्र्यांचं गाव, शिवाजी उद्यमनगरात गल्लीगणिक लेथ. परतीच्या वाटेवरही पडतं.

टोइंग. फ्लॅटबेडच, म्हणजे अख्खी गाडी पाठीवर घेणारा ट्रकच मागवा. माझी गाडी पुढच्या चाकांना ताकद जाणारी (फ्रंट व्हील ड्राइव्ह), तेलाशिवाय पुढची चाकं रस्त्यावर फिरवत ओढली तर गिअरबॉक्स आतून फिरतच राहतो. राजापूर ते कोल्हापूर, अणुस्कुरा घाटाने शंभर-सव्वाशे किलोमीटर, पहिला आकडा १८ हजार. "घाट आहे साहेब." घाट आहे हे मलाही माहीत होतं, दोन दिवसांपूर्वी मी तोच उतरून आलो होतो. तीन फोन, एक भांडण, शेवटी ११ हजार. अजूनही जास्तच दिले असं माझं मत आहे. माझ्या पॉलिसीत फुकट टोइंग होतं पण ठराविक किलोमीटरपर्यंतच, आणि ते बारीक अक्षर मी टपरीवर बसून पहिल्यांदा वाचलं. तुम्ही घरी वाचा.

कोल्हापुरात दोन दिवस काय बघितलं असं सगळे विचारतात. उद्यमनगरातलं एक लोखंडी स्टूल बघितलं. बायको आणि मेहुणा अंबाबाईला जाऊन आले, रंकाळ्यावर फिरले, मी वेल्डरच्या शेजारी बसून होतो, आणि खरं सांगू का, ट्रिपमधला सगळ्यात भारी वेळ तोच गेला.

मिस्त्री साठीचे. केसिंग, म्हणजे तेच हौसिंग, हातात घेतलं, नखाने चीर चाचपली आणि म्हणाले, "पावणं, बेअरिंगच्या घरात गेली असती तर मी हात लावला नसता. ही पोटाला हाय, हुतंय." हेच तुम्ही आधी बघायचं. चीर साध्या भिंतीत किंवा तळाला असेल तर वेल्डिंग करा, डोळे झाकून करा. बेअरिंग बसतं त्या जागी, माउंटिंगच्या कानाला किंवा दोन अर्धे जुळतात त्या सरफेसवर गेली असेल तर नाद सोडा, जुन्या बाजारातून केसिंग किंवा अख्खा गिअरबॉक्स बघा (मला २८ हजार सांगितले होते). जुना घेताना डिझेलचा डिझेललाच, मॉडेलचं वर्ष आणि केसिंगवरचा कोड जुळवून घ्या. नुसतं केसिंग बदललं तर बेअरिंगच्या शिम (फट भरणाऱ्या पातळ चकत्या) परत मोजून घालाव्या लागतात, "जुन्याच बसतील" म्हणणाऱ्याकडून काम करून घेऊ नका.

अजून एक, कुणी म्हणेल गिअरबॉक्स उतरवायला नको, गाडीखालूनच टाका मारतो. पळा तिथून. आत सील असतात ती जळतात, करंट बेअरिंगमधून गेला तर गोळ्यांवर डाग पडतात, आणि तेल प्यायलेल्या धातूवर टाका धरतच नाही. आमचं केसिंग पूर्ण रिकामं केलं, धुतलं, मग लाल रंग मारून पुसून वर पांढरा स्प्रे मारला तर चीर दिसत होती त्याच्यापेक्षा दीड इंच पुढे गेलेली निघाली, केसासारखी. दोन्ही टोकांना बारीक भोक पाडलं म्हणजे ती पुढे पळत नाही. मग घासून व्ही आकाराची खाच. मग नुसता गॅसने शेक. घाम फुटावा तसं अंगातून तेल बाहेर आलं, पुसलं, परत शेकलं, परत आलं, असं चार वेळा. तरीही पहिल्या टाक्यात काळे फोड आले, मिस्त्रींनी एक शब्द न बोलता सगळा टाका घासून काढला आणि परत सुरुवात केली. दुसरा अर्धा भाग बोल्ट लावून आवळूनच वेल्डिंग करायचं, नाहीतर तापून वाकतं आणि सरफेस जुळत नाही.

रात्रभर आत रॉकेल ओतून बाहेरून खडू फासून ठेवलं. गळत असेल तर खडू ओला दिसतो. सकाळी कोरडा ठणठणीत. मी जवळजवळ नाचलो तिथे.

खर्च: वेल्डिंग २५००, गिअरबॉक्स उतरवणं-खोलणं-चढवणं ६५००, सील, लिक्विड गॅस्केट आणि तेल मिळून ३२००, टोइंग ११ हजार. एकूण २३,२००, म्हणजे जवळजवळ निम्मे पैसे गाडी आडवी झोपवून नेण्याचे. क्लच प्लेटचा सेट मी उघडलंच आहे म्हणून टाकला, तो यात धरला नाही, तुमची प्लेट चांगली असेल तर टाकू नका, कुणी आग्रह केला तरी. एक्सलचे सील मात्र नवेच टाका. तेल मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच, जीएल-४ (गिअर ऑइलचा दर्जा) सांगितलं असेल तर "हे त्याच्यापेक्षा भारी" म्हणून जीएल-५ ओतू देऊ नका, पितळी सिंक्रोला ते बाधू शकतं.

पुण्यात येऊन पाचशे किलोमीटरनंतर तेल परत बदललं. ड्रेन प्लगवर (तेल काढायच्या बुचावर) थोडी राखाडी पावडर, चकत्या-तुकडे नाहीत. आता चार महिने झाले, टाका कोरडा आहे. खाली लोखंडी गार्ड बसवला, त्याला ड्रेन प्लगखाली भोक ठेवायला सांगा नाहीतर दर वेळी गार्ड उतरवायची मजुरी वेगळी.

आणि कुणाला तरीही त्या मागच्या रस्त्याने गाडी न्यायचीच असेल तर सोलिंग सुरू झाल्यावर डाव्या हाताला आंब्याचं तोडलेलं खोड आहे, त्याच्या पुढे दहा पावलांवर तो दगड. माझ्या गिअरबॉक्सचा पांढरा ओरखडा त्याच्यावर असेल अजून.