सही झाली, पुढे काय?

मानसशास्त्रीय संशोधनातल्या नैतिकतेचा विषय निघाला की सगळी चर्चा संमतीपत्राभोवती फिरते. एथिक्स कमिटीही त्याचीच ओळन् ओळ तपासते. प्रत्यक्षात सहभागी माणसाला त्रास होतो तो बहुधा सही केल्यानंतर. आणि तो भाग प्रस्तावात 'प्रयोगानंतर डीब्रीफिंग केले जाईल' एवढ्या एका ओळीत उरकलेला असतो. डीब्रीफिंग म्हणजे प्रयोग संपल्यावर सहभागीला त्यामागचं खरं काय ते उलगडून सांगणं.

ही ओळ किती पोकळ असू शकते, ते रॉस, लेपर आणि हबर्ड या मानसशास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये दाखवून दिलं. आत्महत्येच्या खऱ्या आणि बनावट चिठ्ठ्यांच्या जोड्या द्यायच्या, खरी कोणती ते सहभागींनी ओळखायचं. कुणाला सांगितलं, २५ पैकी २४ बरोबर. कुणाला, फक्त १०. हे आकडे आधीच ठरलेले होते. नंतर तसं स्पष्ट सांगूनही ज्यांना कमी 'गुण' मिळाले होते ते स्वतःला या कामात कच्चेच समजत राहिले. खोटा निकाल मनात का चिकटून राहतो, हेही समजावून सांगितल्यावर मात्र परिणाम बराचसा पुसला गेला.

म्हणून खोटा निकाल द्यायचाच असेल, तर डीब्रीफिंगला दहा-पंधरा मिनिटं राखून ठेवा. सुरुवात प्रश्नाने करा: 'आज आम्ही नेमकं काय तपासत होतो असं वाटतं?' संशय आला होता का, ते इथेच कळतं. मग निकाल आधीच ठरलेला होता हे सांगा आणि शक्य असेल तर तो कागद समोर ठेवा. नुसत्या शब्दांवर माणूस आता दुसऱ्यांदा का विश्वास ठेवेल? फसणं हा त्याचा भोळेपणा नव्हता, प्रयोगाची रचनाच तशी होती, हे आवर्जून बोला. शेवटी त्याची माहिती वापरू का, हे पुन्हा विचारा. पहिली संमती अपुऱ्या माहितीवर दिलेली होती, त्यामुळे ही दुसरी विचारणा टाळता येत नाही. ऑनलाइन प्रयोगात लोक मध्येच खिडकी बंद करतात आणि शेवटच्या पानावरचा खुलासा त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही. प्रत्येक पानावर 'इथेच थांबतो' असं बटण द्या आणि ते थेट खुलाशाच्या पानावर न्या.

माघारीचा हक्कही असाच कागदावर राहतो. मानसशास्त्रज्ञ मिलग्रॅमच्या १९६१ च्या प्रयोगात सहभागींनी दुसऱ्या माणसाला विजेचे वाढते झटके द्यायचे होते (झटके खोटे होते, पण हे त्यांना माहीत नव्हतं). पैसे फक्त येण्याचे आहेत, पुढे काहीही झालं तरी ते तुमचेच, असं आधीच सांगितलं होतं. तरी मूळ मांडणीत ४० पैकी २६ जण ४५० व्होल्टपर्यंत गेले, कारण कुणी कचरलं की प्रयोग घेणारा माणूस म्हणत होता, 'पुढे चालू ठेवणं गरजेचं आहे.' तेव्हा सहायकाला नेमकं वाक्य लिहून द्या: 'हरकत नाही, इथेच थांबू.' कारण विचारायचं नाही. मानधन सुरुवातीलाच द्यायचं. स्वतःच्याच विद्यार्थ्यांवर अभ्यास असेल तर भरती दुसऱ्या कुणाकडून करून घ्या. गुण मिळणार असतील तर तेवढ्याच वेळाचं पर्यायी काम ठेवा. आणि 'कधीही माघार घेता येईल' असं लिहू नका. सहभागीचं नाव आणि त्याच्या माहितीला दिलेला कोड जोडणारी यादी नष्ट झाली की कुणाची माहिती काढायची हेच कळत नाही. कोणत्या तारखेपर्यंत माघार घेता येईल, ते लिहा.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं ते पीएचक्यू-९ या नैराश्य मोजणाऱ्या प्रश्नावलीच्या नवव्या प्रश्नाकडे. मेलेलं बरं किंवा स्वतःला इजा करावी असे विचार येतात का, असा तो प्रश्न. ऑनलाइन प्रश्नावलीत कुणीतरी 'जवळजवळ रोज' निवडतं आणि ते उत्तर दोन महिन्यांनी, विश्लेषणाच्या वेळी उघडलं जातं. अभ्यासाला हा प्रश्न हवाच असेल, तर त्याच दिवशी उत्तरं पाहणारी प्रशिक्षित व्यक्ती नेमा, आणि गरज पडल्यास संपर्क साधला जाईल हे संमतीपत्रात लिहा. मग सर्वेक्षण निनावी आहे असं म्हणता येणार नाही. हे झेपणार नसेल तर पीएचक्यू-८ घ्या. त्यात नेमका हाच प्रश्न वगळलेला आहे. मदतीचे क्रमांक मात्र सगळ्यांनाच दाखवा. फक्त जास्त गुणांवाल्यांना दाखवले, तर तो त्यांच्यासाठी एक प्रकारचा निकालच होतो.

मुलाखतींवरच्या अभ्यासात नाव काढलं म्हणजे ओळख पुसली, हा समज तर फारच चिवट आहे. एकाच संस्थेतल्या आठ जणांमध्ये 'वय ४७, विभागप्रमुख, घटस्फोटित' म्हटल्यावर सहकाऱ्यांना नाव कशाला हवं? वय गटात द्या, हुद्दा ढोबळ करा. एकाच व्यक्तीची सगळी वाक्यं एका कोडखाली छापू नका, तुकडे जोडून माणूस उभा राहतो. ध्वनिमुद्रण शब्दांकन तपासून झालं की पुसायचं, आणि ते फोनवर केलं असेल तर क्लाउडवर आपोआप गेलेली प्रतही.