आमची वाटचाल : स्वतःच्या ज्वाळेवर चालणारे इंजिन

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील आमच्या कारखान्यात अभियांत्रिकी महाविद्यालये आणि हौशी संग्राहक यांच्यासाठी जुन्या अंतर्ज्वलन इंजिनांच्या चालत्या प्रतिकृती तयार होतात. चालती म्हणजे स्वतःच्या इंधनावर चालणारी, पायथ्यात दडवलेल्या विजेच्या मोटरवर फिरणारी नव्हे, हे आरंभीच नोंदवतो. कारण आम्ही जे काही सोसले ते बहुतेक या एका फरकापायी सोसले.

उद्यमनगरात ऑइल इंजिनाचे काम पिढ्यान्‌पिढ्या झालेले असल्यामुळे लहान डिझेल इंजिन करणे आम्हांला सोपे होते. तरीही आम्ही निकोलाउस ओटो आणि ऑयगेन लांगेन यांचे जर्मनीतील कोलोनचे वातावरणदाब इंजिन निवडले. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात त्याला सुवर्णपदक मिळाले, कारण एतिएन लेन्वारच्या १८६० च्या गॅस इंजिनापेक्षा निम्म्याहून कमी गॅसमध्ये ते तेवढेच काम करून दाखवत होते. यात स्फोट थेट काम करीतच नाही. तो पिस्टनला मोकळा वर फेकतो, खालचा वायू थंड होऊन निर्वात होतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पिस्टनला खाली रेटतो. त्या उतरत्या फेरीतच पिस्टनच्या दांड्यावरची रॅक, म्हणजे दातेरी पट्टी, फ्लायव्हीलच्या शाफ्टला पकडते. ज्या विद्यार्थ्याने हे एकदा डोळ्यांनी पाहिले, त्याला दाब आणि कार्य यांचा संबंध फळ्यावर समजावून सांगावा लागत नाही.

पहिला भागीदार म्हणजे आमचे पॅटर्न मिस्त्री, ओतकामाच्या साच्यासाठी लाकडी नमुने करणारे. मूळ इंजिनाचे सिलिंडर ग्रीक खांबासारखे पन्हळी होते आणि एक चतुर्थांश मापात त्या पन्हळी साच्यातून न मोडता सोडवणे हे कोणत्याही फाउंड्रीला अवघडच होते. मिस्त्रींनी सागवानात दोन फाळ्यांचे पॅटर्न केले, आडव्या येणाऱ्या पन्हळींसाठी लूज पीस, म्हणजे सुटे निघणारे तुकडे, बसवले, बिडाच्या आकसण्याची मीटरमागे सुमारे १० मिलिमीटरची सूट धरली आणि सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या जॅकेटची पोकळी राखणारा कोअर स्वतः उभे राहून बसवून घेतला. त्यांचे ते पॅटर्न अजून वापरात आहेत. भांडवलात त्यांनी पैसा घातला नाही, तरी नफ्यातला त्यांचा वाटा आम्ही कधी चुकवला नाही, आणि आज त्यांच्या घरी तो पोचतो.

खरी परीक्षा लांगेनच्या क्लचची होती. पिस्टन वर जाताना रॅकने फिरणाऱ्या दातेरी चाकाने, म्हणजे पिनियनने, शाफ्टवर मोकळे फिरावे आणि तो खाली वळताक्षणी रोलर व पाचरींनी शाफ्ट पकडावा. या पकडीला क्षणाचा जरी उशीर झाला, तरी निर्वाताचा जोर फुकट जातो. रोलर कडक करून ग्राइंड करावेत, पाचरी मात्र गनमेटलच्या ठेवाव्यात आणि येथे घट्ट तेल कधीही घालू नये. लहान सिलिंडरात आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग जास्त असल्यामुळे वायू मूळ इंजिनापेक्षा लवकर निवतो. म्हणून जॅकेटमध्ये गार पाणी न खेळवता ते कोमट राहील असा प्रवाह ठेवावा लागतो. शिवाय ओटोच्या काळचा दगडी कोळशाचा गॅस निम्माअधिक हायड्रोजनचा होता आणि त्याला सुमारे पाचपट हवा पुरत असे. आपल्या सिलिंडरमधल्या एलपीजीला पंचवीस ते तीसपट हवा लागते. मूळ रेखाटनातील गॅस-हवेची छिद्रे तशीच्या तशी लहान करणारा कारागीर म्हणूनच महिनोन्‌महिने ज्वाळा पेटवत बसतो आणि इंजिन काही उचल खात नाही. मिश्रण पेटवणारी ज्वाळा सरकत्या झडपेतून आत न्यावी लागते; ते काम आम्ही झडप व बैठक एकमेकांवर हाताने लॅप करून, म्हणजे बारीक घासून बसवून, साधले.

मग बाजारात ते गृहस्थ आले. आमच्याच प्रतिकृती कमिशनवर विकणारे ते पुरवठादार होते आणि आमच्या घरी जेवून गेले होते. त्यांनी आमचे एक इंजिन उकलले, बाहेरचा आकार ॲल्युमिनियममध्ये ओतून घेतला, पायथ्यात गिअर लावलेली मोटर बसवली आणि रॅक वरखाली करणारा तो खोका ‘वर्किंग मॉडेल’ या नावाने आमच्या तिसऱ्या हिश्श्याच्या किमतीला विकू लागले. निविदेत ‘वर्किंग मॉडेल’ एवढेच शब्द असत आणि सर्वांत कमी दर त्यांचा असे. क्लच नाही, ज्वाळा नाही, निर्वात नाही. आणि त्यासमोर उभे राहून मुले प्रयोगवही भरीत होती. आमच्या ठरलेल्या मागण्या एकामागून एक रद्द झाल्या, दिलेल्या मालाची बिले अडकली, बँकेची उचल मर्यादेला भिडली आणि मोठा लेथ विकून कामगारांचे पगार करावे लागले. त्यांच्या माहितीपत्रकावर छायाचित्र मात्र आमच्या इंजिनाचे होते. मिस्त्रींच्या हातच्या पन्हळी त्यात स्पष्ट दिसत होत्या. आम्ही लिहिलेल्या पत्राला उत्तर आले नाही आणि आजवर कोणी त्याबद्दल एका शब्दाने खेद व्यक्त केलेला नाही. हे मी विसरलेलो नाही.

आम्हांला तारले ते सांगलीकडच्या एका प्राध्यापकांनी. आमचे पहिले इंजिन त्यांनीच घेतले होते आणि दर सत्राआधी ते स्वतः त्याची झडप साफ करीत. नव्या प्रयोगशाळेच्या निविदेत सरांनी एक अट घातली : प्रतिकृती बाहेरील वीजपुरवठ्याविना, स्वतःच्या इंधनावर आणि भारासह सलग अर्धा तास महाविद्यालयात चालवून दाखवावी. त्या निविदेला दुसरा कोणी उभाच राहिला नाही. सरांनी ती अट ओळखीच्या इतर विभागप्रमुखांनाही पाठवली, आणि तिच्या बळावर आम्ही वर्षभरात बँकेतून मोकळे झालो. त्यानंतरची वर्षे कामात गेली.

खरेदी समितीवर बसणाऱ्यांना माझे सांगणे आहे की, दरपत्रक उघडण्यापूर्वी प्रतिकृतीची वायर भिंतीतून काढून पाहावी आणि फ्लायव्हीलवर दोरीचा ब्रेक लावावा. भार वाढला की वातावरणदाब इंजिनाचे ठोके जवळजवळ पडू लागतात, कारण त्याचा गव्हर्नर, म्हणजे वेग राखणारा भाग, दोन फेकींमधले अंतर बदलतो. मोटरवरचे सोंग मात्र ठोके जवळ न आणता नुसते मंदावते. नव्याने या कामात उतरणाऱ्यांनी पहिल्या वर्षी रंगकाम व पितळेच्या पाट्यांवर पैसा घालू नये, सपाटी तपासायची चांगली सरफेस प्लेट घ्यावी आणि पॅटर्नची मालकी लेखी करून ठेवावी.

सध्या ओटोच्या १८७६ च्या आडव्या चार फेऱ्यांच्या (फोर-स्ट्रोक) इंजिनाचे काम हाती आहे. त्यात मिश्रण पेटण्यापूर्वी दाबले जाते, त्यामुळे ज्वाळा दाबाविरुद्ध आत न्यावी लागते आणि सरकत्या झडपेतला ज्योतीचा कप्पा पेटवणीआधी एका बारीक छिद्रातून सिलिंडरच्या दाबाला आणावा लागतो. ते छिद्र किती असावे हे ठरले आहे, बीड ओतून आले आहे, आणि पहिले इंजिन सरांच्या जुन्या विभागासाठी राखून ठेवले आहे.