शाळा, शाला, शाया

लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले असोत की बँकेच्या रांगेत मागे उभे असलेले, मी मनपाच्या प्राथमिक शाळेत शिकवायची म्हटलं की प्रश्न ठरलेला. "मॅडम, तुमच्या शाळेतले पोट्टे वाचनात इतके मागे काहून असतात?" आणि मग आवाज जरा खाली आणून, "म्हणजे, येते तरी कोण तुमच्याकडे?" खरा प्रश्न हा दुसराच. पहिला नुसती प्रस्तावना.

नोकरीत असताना हसून विषय बदलायची. आता निवृत्त झाले आहे आणि तुम्ही विचारलंत, म्हणून सांगते.

आमची शाळा पूर्व नागपुरातली, कळमन्याच्या बाजारापासून पायी जाण्यासारखी. हमालांची, ठेलेवाल्यांची, ई-रिक्षावाल्यांची, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बायांची मुलं. दाखल-खारीज रजिस्टर उघडलंत तर जातीच्या रकान्यात बौद्ध, हलबा, तेली, गोवारी, गोंड, मुसलमान, छत्तीसगढचे सतनामी, साहू, सगळं नागपूर दिसेल. वर माहिती पाठवताना याच्या पेट्या होतात: अजा (अनुसूचित जाती), अज (अनुसूचित जमाती), इमाव (इतर मागासवर्ग), इतर. विचारणाऱ्याला वाटतं, उत्तर या पेट्यांत असणार. मला तिथे ते कधी सापडलं नाही. एकाच पेटीतली दोन मुलं एका बाकावर बसायची, एक धडाधडा वाचायचं आणि दुसरं बोट ठेवून अडायचं.

सापडलं ते दुसऱ्याच रकान्यात, आणि तेही उशिरा.

तिसरीचा वर्ग, वाचनाची तपासणी. बाहेरून तपासनीस आले होते, माणूस भला. उताऱ्याची सुरुवात अशी: "शाळेजवळ तळे होते. तळ्यात कमळे होती." एक मुलगी उठली. छत्तीसगढातल्या डोंगरगढकडची, वर्षभरापूर्वी आलेली. स्वच्छ आवाजात वाचलं: "शालेजवल तले होते. तल्यात कमले होती." कागदावर लाल फुल्या पडत गेल्या. मग तिच्या बाजूचा मुलगा. घरी मराठीच, बाप अमरावतीकडचा. त्याने वाचलं: "शायेजवय तये होते." त्यालाही फुल्या. छापल्यासारखा ळ त्या बाकावर कोणाच्याच तोंडात नव्हता. खुद्द आमच्या कळमन्याला निम्मी वस्ती कलमना म्हणते. उतारा लिहिणाऱ्याने सहज लिहिला असेल, पण दोन ओळींत पाच वेळा ळ!

तपासनीस गेल्यावर मी तिला विचारलं, तळे म्हणजे काय गं? ती म्हणाली, "तरिया, मॅडम. हमर गाँव मा हावय." छत्तीसगढीत तळ्याला तरिया म्हणतात. म्हणजे पोरीने वाचलं होतं आणि तिला कळलंही होतं. कागदावर मात्र तिचा वाचनाचा स्तर 'शब्द' असा लागला, म्हणजे सुटे शब्द वाचता येतात, उतारा नाही.

त्या संध्याकाळी रजिस्टर काढलं. मातृभाषेचा रकाना. पहिल्या ओळीत 'मराठी' आणि खाली सगळीकडे वरीलप्रमाणेच्या दोन-दोन रेघा. अक्षर माझंच. दाखल करताना विचारायचा कंटाळा, शाळा मराठी माध्यमाची, मग मुलं मराठीच असणार. पुढे हीच माहिती संगणकात गेली. तिथून कोणी हिशेब मांडला असेल तर त्याला दिसणार की ही सगळी मराठी मुलं मराठीच वाचू शकत नाहीत.

खरं तर यात नवीन काही नाही. नागपूर आधी मध्यप्रांताची आणि मग १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं आणि छत्तीसगढ त्यातच. माणसं तेव्हाही याच रेल्वेने येत होती. आपण नागपूरकर स्वतः 'करून राह्यलो', 'जाऊन राह्यलो' म्हणतो ते कुठून आलं? पण शाळेच्या उताऱ्याला हे माहीत नसतं.

आता टक्केवारी. वर्गात २० मुलं असली तर एक मूल म्हणजे पाच टक्के. पोळ्यानंतर तीन-चार दिवसांत तीज येते. छत्तीसगढच्या बाया तिजेला माहेरी जातात आणि पोरं आईबरोबर. त्या आठवड्यात चाचणी आली की निकाल दहा-पंधरा टक्क्यांनी इकडचा तिकडे. दिवाळीनंतर धान कापायला पुन्हा गाव. आपल्या तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन नाचणारी पोरं त्यानंतर पंधरा दिवस दिसली नाहीत की मी समजायची, गाडीत बसली.

एका वर्षी पाचवीच्या निरोपाला मी सहज त्याच मुलांची पहिलीची हजेरी काढून पाहिली. तेव्हाच्या २४ नावांपैकी नऊ उरली होती. बाकीची कुठे गेली? काही गावी. काही वस्ती उठली म्हणून शहराच्या दुसऱ्या टोकाला. आणि वाचायला लागलेली, आईबापाच्या हातात चार पैसे आलेली, ती 'कॉन्व्हेंट'ला. (नागपुरात नन नसलेल्या, दोन खोल्यांच्या इंग्रजी शाळेलाही कॉन्व्हेंटच म्हणतात.) जरा जाणते आईबाप तर पहिलीलाच आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, २५ टक्के राखीव जागांत खासगी शाळेत नंबर लावतात, आमच्यापर्यंत येतच नाहीत. आणि त्या रिकाम्या बाकांवर येतात मधूनच आलेली. शिक्षण हक्क कायदा म्हणतो, मुलाला वयाप्रमाणे वर्गात घ्या. नऊ-दहा वर्षांचं, कधी शाळाच न पाहिलेलं पोर सरळ चौथीत बसतं. बरोबरच आहे, त्याला पहिलीच्या पिल्लांत बसवणार का? त्याच्यासाठी वेगळं प्रशिक्षणही कायद्यात लिहिलंय. शाळेत ते म्हणजे मधल्या सुट्टीतली मी. चाचणी मात्र चौथीचीच.

म्हणजे ज्याला शिकवलं तो दुसरीकडे मोजला जातो, आणि जो कालच आला तो आमच्याकडे.

आम्ही काही धुतल्या तांदळाचे नाही. पहिल्या बाकाकडे बघून शिकवणारे आमच्यात आहेत, मीही कित्येक दिवस तसंच शिकवलं. निवडणुकीच्या कामाला गेलं की दोन वर्ग एका खोलीत आणि फळ्यावर पाढे. हे सगळं खरं. पण "पोट्टेच तसे" हे उत्तर मला मान्य नाही.

पुढच्या जूनअखेरीस दाखल करताना मी ठरवून प्रत्येक आईला विचारलं, घरी काय बोलता? एकीने हिंदी सांगितलं, एकीने गोंडी. एक छत्तीसगढची बाई, कडेवर दुसरं मूल, माझ्या पेनाकडे बघत म्हणाली, "मराठीच लिखो ना मॅडम."

मी म्हटलं, काहून? तुझी पोरगी तर मराठी बोलत नाही.

"बडे को जाती का दाखला नहीं मिला. बोले, बाहर के हो."

तिचं चूक नव्हतं. अनुसूचित जातीच्या दाखल्याला घराण्याचा १० ऑगस्ट १९५० च्या आधीपासूनचा इथला राहण्याचा पुरावा लागतो. हिचं कुटुंब कळमन्यात येऊन दहा वर्षंही झाली नसतील. मातृभाषेच्या रकान्याने तिच्या दाखल्यात काही फरक पडणार नाही, हे मला माहीत होतं. तिला सांगूनही पाहिलं. तिने मान हलवली आणि पुन्हा तेच म्हणाली.

मी 'मराठी' लिहिलं. या वेळी रेघा न ओढता, पूर्ण शब्द.